मीठ धुऊन जाते, गाळ राहतो
(तळोजा परिसरातील शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तळोजा म्हटले की आज लोकांना औद्योगिक वसाहत आठवते, कारागृह आठवते, नाहीतर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो आठवते. परंतु हा मुलूख मुळात भाताचा आणि खाडीचा आहे. मेट्रोच्या खिडकीतून बाहेर पाहिले तर इमारतींच्या मध्ये अजून बांध दिसतात, पाणथळ दिसते, तिवरांची रांग दिसते. या खाडीकाठी निसर्गाच्या काही नवलाच्या गोष्टी रोज घडत असतात. आपण त्या जन्मापासून पाहतो, म्हणून त्यांचे नवल वाटेनासे होते. आज त्यांतल्या काही गोष्टी सांगणार आहे. त्या करमणुकीच्या आहेतच, पण त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे. पाण्याने काय धुऊन जाते आणि काय जात नाही, हा तो प्रश्न होय.

निळा कुत्रा आणि निळा कोल्हा

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. कारण होते येथील भटके कुत्रे. औद्योगिक वसाहतीत हिंडणारे काही कुत्रे चक्क निळे दिसू लागले होते. प्राणिमित्रांनी तक्रार केली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहणी केली आणि एका कारखान्याला बंदचा आदेश दिला. अन्नाच्या शोधात फिरताना कुत्र्यांच्या अंगाला रंग लागला होता. हा रंग पाण्यात विरघळणारा होता, म्हणून अंग धुतल्यावर तो निघाला.

आपल्यापैकी प्रत्येकाला तेव्हा पंचतंत्रातला कोल्हा आठवला असेल. तो नीळ रंगवणाऱ्याच्या पिंपात पडला, निळा झाला आणि जंगलाचा राजा बनून बसला. आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या कोल्ह्याचे बिंग फुटले ते कोल्हेकुई केल्यामुळे, रंग उतरल्यामुळे नव्हे. गोष्ट रचणाऱ्याला रंगाऱ्याचा धंदा चांगला ठाऊक असावा! कारण खरी नीळ पाण्यात विरघळतच नाही. निळीचा पाला पाण्यात कुजवतात, त्यातून नीळ काढतात. कापड रंगवताना तिला पुन्हा पिंपात आंबवावे लागते. त्या वेळी ती पाण्यात विरघळते, पण निळी दिसत नाही, पिवळट-हिरवी दिसते. कापड पिंपातून बाहेर काढले की हवेतील प्राणवायू लागून ते डोळ्यांदेखत निळे होते. मग तो रंग धाग्यात अडकून बसतो आणि साध्या पाण्याने जात नाही.

जाता जाता सांगतो, नीळ ही शेंगवर्गातील वनस्पती आहे. ताग-धैंचाप्रमाणे तिच्या मुळांवर गाठी येतात व जमिनीला नत्र मिळते.

तर निळा कुत्रा धुतला गेला, निळा कोल्हा धुतला गेला नाही. फरक एवढाच की एक रंग विरघळणारा होता, दुसरा न विरघळणारा. हा फरक मनात ठेवून आता आपण शेताकडे वळू.

सहा इंच पाणी, एकवीस टन मीठ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ऐकायला हे थोडे वाटते. आता हिशेब करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात बांध फुटला आणि एका गुंठ्यात सहा इंच समुद्राचे पाणी भरून तिथेच आटले, तर मागे पाचशे किलोंहून अधिक मीठ राहते. एका एकराचा हिशेब सुमारे २१ टन होतो. म्हणजे दोन ट्रक मीठ कोणी आपल्या शेतात आणून ओतल्यासारखे झाले. पावसाळ्यात नदीचे पाणी मिसळून खाडी पातळ होते, तेव्हा नुकसान कमी होते; पण होतेच.

एवढे मीठ पडलेल्या जमिनीत पुन्हा भात पिकतो, हे खरे नवल आहे. तो पिकतो पावसामुळे. कोकणात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर तीन लाख लिटर गोडे पाणी, तेही फुकट! मीठ विरघळणारे आहे. ते पाण्याबरोबर खाली उतरते, पाण्याबरोबर वाहून जाते. पाणी मात्र वाहून गेले पाहिजे. शेतात तुंबून राहिलेले पाणी मीठ विरघळवते, पण बाहेर नेत नाही. पाणी आटले की मीठ जागच्या जागी परत येते. म्हणून लावणीपूर्वी खाचरात पाणी साठवावे, ते सोडून द्यावे आणि पुन्हा साठवावे, असे जमेल तितक्या वेळा करावे.

भात कापल्यावर मीठ पुन्हा वर येते. जमिनीतील बारीक केशनलिका दिव्याच्या वातीसारखे काम करतात. वात जसे तेल वर ओढते, तशी उन्हाने तापलेली जमीन खालचे खारे पाणी वर ओढते. पाणी उडून जाते, मीठ पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने उरते. कापणीनंतर ओल असतानाच हलकी नांगरट केली किंवा पेंढ्याचे आच्छादन घातले, तर ही वात तुटते आणि पुढच्या पावसाचे काम हलके होते.

घाटावरचे शेतकरी विचारतात, "आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या चोपण जमिनीला जिप्सम घाला म्हणता, मग इथे का नाही सांगत?" प्रश्न रास्त आहे. चोपण जमिनीत सोडियम नुसता विरघळलेला नसतो, तो चिकणमातीच्या कणाला चिकटून बसलेला असतो. चिकटलेले पाण्याने निघत नाही. जिप्सममधला कॅल्शियम त्याला ढकलून त्याची जागा घेतो, तेव्हा तो सुटा होतो. मग पाणी आणि चर यांच्या साहाय्याने तो बाहेर काढावा लागतो. खारजमिनीत समुद्राच्या पाण्याबरोबर कॅल्शियम व मॅग्नेशियम आयतेच आलेले असतात आणि पाऊसही भरपूर असतो, म्हणून बहुधा बांध, निचरा आणि पाऊस एवढ्यावर काम भागते. तरीही माती तपासल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये.

तिथीचे पाऊणपट गणित

आता बांधाकडे येऊ. बांधाचे शहाणपण भरती-ओहोटीच्या ज्ञानावर उभे आहे. आपले कोळी आणि आगरी बांधव घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगतात. त्यांची रीत अशी की तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते.

हे गणित शास्त्राला धरून आहे का? पडताळून पाहू. एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ पुढे सरकत बारा तासांचा फेरा पूर्ण करते आणि तेवढ्यात तिथ्या होतात पंधरा. बारा तास भागिले पंधरा म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. आपल्या वाडवडिलांनी धरली ४५ मिनिटे. एका तिथीला फक्त तीन मिनिटांचा फरक! पंधरवड्याच्या अखेरीस तो पाऊण तासाचा होतो, पण तिथे गणित बारापासून पुन्हा सुरू होते. पाऊणपटीऐवजी चार-पंचमांश धरले तर उत्तर जवळजवळ तंतोतंत येते. परंतु तोंडी हिशेबाला पाऊणपटच सोपी. मात्र हे गणित मुंबई किनाऱ्याचे आहे. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते. आपल्या बांधावर ती किती उशिरा येते, हे चार दिवस पाहून ठरवावे.

या गणिताचा उपयोग काय? अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. बांधाची दुरुस्ती, खेकड्यांची बिळे बुजवणे ही कामे त्या दिवसांत करावीत. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाणाचे. पावसाळ्यात काही उधाणांना मुंबई बंदरातील पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. त्या दिवसांत बांधावर फेरी हवी. मोठी खांड एकाएकी पडत नाही. ती आदल्या भरतीला बोटाएवढ्या बिळातून सुरू झालेली असते.

आपली उघाडी हेही एक नवलच आहे. तिची झडप खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतले पाणी उंच असते, ते झडप ढकलून बाहेर पडते. भरतीला बाहेरचे पाणी उंच होते, ते झडप दाबून बंद करते. विजेची गरज नाही, राखणदाराची गरज नाही. चंद्र ज्या पाण्याला ओढतो तेच पाणी दार लावते आणि उघडते. गोव्यातील खाजनांच्या 'मानशी' याच तत्त्वावर चालतात. एवढी शहाणी रचना एका फळीच्या तुकड्याने किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीने निकामी होते. झडप अर्धा इंच उघडी राहिली, तरी रात्रभर खारे पाणी आत येत राहते.

तिवर मीठ टाकते, भात मीठ गाळतो

खाऱ्या चिखलात तिवर कसे जगते? त्याच्या पानाची खालची बाजू उन्हाळ्यात जिभेला लावून पाहा, खारट लागेल. तिवर काही मीठ मुळाशीच अडवते आणि आत आलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर उभी राहतात. तिवराचीच शेजारीण पांढरी चिप्पी. तिला २०२० मध्ये महाराष्ट्राचे राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला.

भाताला मात्र पानांवाटे मीठ टाकता येत नाही. भाताचे पीक तसे नाजूक. जमिनीची विद्युतवाहकता ३ डेसीसायमनच्या वर गेली की उत्पादन घटू लागते आणि पुढील प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के घट येते. तरीही खारजमिनीत टिकणारे भात आपल्या पूर्वजांनी निवडून ठेवले. रता भात जुन्या माणसांना आठवत असेल. काळा रता आणि भुरा रता या त्यातील निवडी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या नावाशी जोडलेल्या आहेत. पुढे याच केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण आले.

असे भात मीठ कसे सोसतात, याचा एक धागा २००५ मध्ये हाती लागला. बंगालमध्ये 'नोना बोकरा' नावाचा जुना भात आहे. नोना म्हणजे खारट. त्याच्यात शास्त्रज्ञांना एक जनुक सापडले. मुळांकडून पानांकडे जाणाऱ्या रसातून सोडियम मागे खेचून घेणे, हे त्याचे काम. म्हणजे रोपाच्या आत जणू एक गाळणी बसवलेली असते. केरळच्या 'पोक्काळी' भाताचा उपयोगही मीठ सोसणारे वाण तयार करण्यासाठी अनेक देशांत झाला आहे. आपण ज्याला मागासलेले बियाणे म्हणून टाकून देतो, त्याच्या पोटी असा ठेवा असू शकतो. ज्यांच्या कणगीत रता अजून असेल, त्यांनी तो मूठभर का होईना, जपावा.

भात उगवताना मीठ बऱ्यापैकी सोसतो. तो हळवा असतो कोवळ्या रोपात आणि फुलोऱ्यात. म्हणून रोपवाटिका गोड्या जमिनीत करावी, रोप थोडे जून झाल्यावर लावावे, एका चुडात एक-दोन रोपे जास्त घ्यावीत. अति खाऱ्या खाचरात चिखलणी न करता रुजवलेले बी फेकण्याची 'रहू' पद्धत आपल्याकडे पूर्वापार आहे. तिच्यातही अर्थ आहे. चिखलणीने खालचे मीठ ढवळून वर येते, ते या पद्धतीत टळते.

दोन पेल्यांचा प्रयोग

आता घरी मुलांना घेऊन करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. दोन काचेचे पेले घ्या. दोन्हीत गोडे पाणी भरून चिकणमाती ढवळा. एका पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि दोन्ही बाजूला ठेवून द्या. मीठ टाकलेल्या पेल्यातील गाळ आधी खाली बसेल, दुसरा पेला बराच वेळ गढूळ राहील. चिकणमातीचे कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटतात. मीठ आले की ते गोळा होतात, जड होतात आणि तळाशी बसतात.

नदी खाडीला मिळते तिथे हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर रोज चालतो. कासाडीचे पाणी डोंगराकडून आणि वसाहतीतून गाळ घेऊन येते. खारे पाणी भेटले की तो गाळ खाली बसतो. खाडीकाठी चिखल साठतो, त्यात तिवर रुजते, निवट्या उड्या मारतात. या चिखलातून आपल्या वाडवडिलांनी बांध घातले आणि शेते उठवली.

परंतु या प्रयोगाची दुसरी बाजू आहे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, तांबे यांसारखे जड धातू पाण्यात आले, तर त्यांतील बराच भाग चिकणमातीच्या कणांना चिकटतो आणि त्यांच्याबरोबर तळाशी बसतो. मीठ वाहून जाते, हे जात नाहीत. तीन लाख लिटर पाऊस पडला तरी गाळाला चिकटलेला धातू बहुतांशी गाळातच राहतो. त्यांना रंग नसतो, वास नसतो. निळा कुत्रा निदान दिसला म्हणून तक्रार झाली. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न स्थानिक मच्छीमाराने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला, तोही मासळीवरचा परिणाम डोळ्यांना दिसू लागल्यावर. जे दिसत नाही त्याची तक्रार कोण करणार?

जपानमधील तोयामा प्रांतात हे घडले आहे. खाणीतील कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत आले आणि भातातून माणसांच्या पोटात गेले. हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना देणाऱ्या या रोगाला लोक 'इताई-इताई' म्हणत, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. हा प्रदूषणामुळे झालेला रोग आहे, हे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. खाचरांची माती बदलण्याचे काम त्यानंतर २०१२ पर्यंत चालले. जे पावसाने धुऊन जात नाही, ते असे फावड्याने उचलून टाकावे लागते. तळोज्यात तसे झाले आहे असे मी म्हणत नाही. तसे होऊ नये आणि होत असेल तर वेळीच कळावे, म्हणून हे सांगतो.

आपण काय करावे?

१) एप्रिल-मे महिन्यात, मीठ वर आलेले असताना, मातीचा नमुना काढून क्षारतेची तपासणी करून घ्यावी. एकाच खाचराचा नमुना दरवर्षी एकाच जागी काढावा, म्हणजे जमीन सुधारते की बिघडते हे कळते.

२) पूर्वी खाडीचा चिखल खत म्हणून शेतात टाकत. कारखान्यांच्या खालच्या अंगाला ही चाल आता बंद करावी. बांधाला चिखल लावायचा झाल्यास तो खाचरात पसरू देऊ नये. शंका असेल तेथे जड धातूंची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

३) कारखान्यातील गाळ कोणी फुकट भरावासाठी देऊ केला, तर तो घेऊ नये. फुकटचा भराव पिढ्यांना महाग पडतो.

४) नदीचे पाणी रंगीत किंवा फेसाळ दिसले, मासे मेलेले आढळले, तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. पाणी वाहून जाते, लिहिलेला कागद राहतो.

५) बांधासमोरची तिवरे तोडू नयेत. ती लाटेचा जोर मोडतात व बांध वाचवतात. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली आहे.

शेवटी एक सांगतो. जवळच्या ठाणे खाडीत दरवर्षी रोहित पक्षी येतात. ते जन्मतः करडे-पांढरे असतात. पाण्यातील शेवाळ आणि बारीक जीव खाऊन, त्यांतील रंगद्रव्यामुळे ते गुलाबी होतात. तो रंग वरून लागलेला नसतो, पिसांत भिनलेला असतो. म्हणून पावसात उतरत नाही. खाडी जे खाऊ घालते ते अंगात उतरते, हे त्या पक्ष्यावरून दिसते. आपणही त्याच खाडीची मासळी खातो, त्याच काठचा भात खातो.

बंधूंनो, तळोज्याच्या शेतीचा मोठा भाग शहराखाली गेला. जी चार खाचरे उरली आहेत, त्यांतील मीठ पाऊस धुऊन नेईल. जे पावसाला धुता येत नाही ते खाचरात येऊ न देणे, एवढे काम मात्र आपले आहे. येत्या भांगाला बांधावर एक फेरी मारा, उघाडीची झडप हाताने हलवून पाहा आणि येताना खाचरातली किलोभर माती पिशवीत घेऊन या. तपासणीचे पुढे काय करायचे ते आपण मिळून पाहू.